पैसे मागणारा, घाई करणारा आणि कागद मागणारा

मार्च २०२४ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेच्या हातात थायलंडमधल्या तीन नोकऱ्या होत्या. तिन्ही इंग्रजी शिकवायच्या, तिन्हींचा पगार महिना वीस हजार बाथच्या वर. त्या वेळी एक बाथ साधारण २ रुपये ३० पैशांना पडत होता, म्हणजे सगळ्यांत कमी पगारसुद्धा अठ्ठेचाळीस हजार रुपयांच्या घरात जात होता. तिला इथे विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहा वर्षांनंतर १४ हजार मिळत होते. तिघांनीही तिला एकच सांगितलं होतं: लवकर कळवा.

मी थायलंडमध्ये काही वर्षं शिकवलं आहे आणि मला थाई वाचता-बोलता येतं. ओळखीतून तिचा फोन आला. तिचं, शाळांचं, एजन्सीचं नाव मी इथे देत नाही. तीन ठिकाणांची पारख कशी केली, कुठल्या उत्तराला किती वजन दिलं, एवढंच लिहायचं आहे. परदेशात शिकवायला जाणारे बहुतेक लोक स्वतःचा बायोडेटा दहा वेळा तपासतात आणि समोरच्याला एकदाही तपासत नाहीत, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

घाईवरून सुरुवातीला कुणाबद्दलच मत बनवता येत नव्हतं. थायलंडमधल्या शाळांचं वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. मधे ऑक्टोबरची सत्रसुट्टी असते. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये शिक्षक शोधायची धावपळ खरोखरच असते.

तिने मला तिन्ही जागा सांगितल्या त्या तिच्या पसंतीच्या क्रमाने. पहिला पुण्याचा एक एजंट, दुसरी बँकॉकची शिक्षक पुरवणारी एजन्सी आणि शेवटी बँकॉकच्या पूर्वेकडची एक खाजगी शाळा. शाळा शेवटी का, असं विचारल्यावर म्हणाली, "सर, ते फारच कागद मागतात. आणि पगारही सगळ्यांत कमी."

हा क्रम तिच्या मनात कसा तयार झाला हे मला चांगलं समजत होतं. आपल्याकडे नेमणुकीसाठी संस्थेला देणगी द्यावी लागते हे शिक्षकांना कुणी वेगळं शिकवत नाही, ते आजूबाजूला पाहूनच कळतं. रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं ऑफिसात जमा करायची, पगारपत्रकावर एका आकड्यापुढे सही करून दुसराच आकडा हातात घ्यायचा, मे महिन्याचा पगार मिळेल का हे विचारायचं नाही. सहा वर्षं तिने हेच पाहिलं होतं. अशा नोकरीतून आलेल्या माणसाला पैसे मागणारा खरा वाटतो, कारण पैसे दिले की काम होतं हा त्याचा अनुभव असतो. कागद मागणारा मात्र उगाच अडवणूक करतोय असं वाटतं. तिची ही समजूत मोडणं हे या प्रकरणातलं निम्मं काम होतं.

पुण्याचा एजंट

त्याची मागणी १ लाख ८० हजारांची होती, अर्धे आधी आणि अर्धे तिकीट हातात आल्यावर. त्याबदल्यात बँकॉकमधल्या एका इंटरनॅशनल स्कूलमध्ये ४५ हजार बाथ पगार आणि राहणं फुकट. बँकॉकच्या नावाजलेल्या आंतरराष्ट्रीय शाळा अमेरिका, ब्रिटनसारख्या देशांतला शिक्षक परवाना आणि तिथल्या अभ्यासक्रमाचा अनुभव मागतात. मुलाखत न घेता, फक्त फोटो आणि पासपोर्टची प्रत बघून असा पगार देऊ करणारी शाळा मी तरी पाहिलेली नाही.

तिने आधी खर्चाचा हिशोब मागावा असं मी सुचवलं. सरकारी फी सगळ्यांना सारखीच असते. थायलंडच्या नोकरीच्या म्हणजे नॉन-इमिग्रंट बी व्हिसाचे एका प्रवेशासाठी २,००० बाथ. वर्षभराच्या कामाच्या परवान्याचे ३,००० आणि अर्जाचे १००. तिथे पोचल्यावर मुक्काम वर्षभर वाढवण्याचे १,९००. बेरीज ७,००० बाथ, तेव्हाच्या दराने सोळा हजार रुपये. बऱ्याच शाळा परवान्याचे पैसे स्वतः भरतात. विमानाचं तिकीट धरलं तरी १ लाख ८० हजार कशाचे, याचं उत्तर एजंटकडे नव्हतं. "पॅकेज आहे मॅडम," एवढंच तो म्हणाला.

व्हिसाबद्दल त्याचं म्हणणं होतं की थायलंड भारतीयांना व्हिसा फ्री आहे, काळजी करू नका. यातला अर्धा भाग खरा होता. १० नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना ३० दिवसांसाठी व्हिसाशिवाय प्रवेश दिला होता. पण ही सवलत पर्यटनासाठी होती, आणि त्या वेळी जाहीर झालेली मुदत १० मे २०२४ पर्यंतची होती. पुढे ती वाढली, जुलैपासून ६० दिवसांची झाली, पण मार्चमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. शाळा उघडणार मेच्या मध्यावर आणि सवलत संपणार १० मेला. ज्याने याआधी खरोखर शिक्षक पाठवले आहेत, त्याच्या तोंडून हे वाक्य आलंच नसतं.

तिसरी गोष्ट नोंदणीची. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते, आणि नोंदणी असलेल्यांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही पाहता येते. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. तिने नंबर मागितला. उत्तर आलं, "तो नंबर लेबर लोकांसाठी असतो मॅडम. तुम्ही टीचर आहात."

हे वाक्य अनेक सुशिक्षित लोकांना पटतं, म्हणून थोडं थांबून सांगतो. दहावी पास असलेल्यांच्या पासपोर्टला थायलंडसह १८ देशांत नोकरीला जाताना लागणारी उत्प्रवास मंजुरी घ्यावी लागत नाही, ही गोष्ट खरी आहे. ती सूट उमेदवाराला आहे. एजंटने नोंदणी करायची की नाही याच्याशी तिचा काही संबंध नाही. एजंटचं नाव यादीत नव्हतं, पैसे मागितले होते ते एका व्यक्तीच्या खात्यावर. नेमणूक पत्रावर ज्या शाळेचं बोधचिन्ह होतं, त्या शाळेच्या ऑफिसला मी फोन केला, पत्रावर छापलेल्या नंबरवर नाही तर शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या. असं पत्र त्यांनी कुणालाही दिलेलं नव्हतं.

तिने नकार कळवला तेव्हा त्याने दुसरी जागा पुढे केली. "ऑनलाइन इंग्लिश ट्रेनर", महिना लाखभर रुपये, राहणं-खाणं कंपनीचं, विमानतळावर गाडी घ्यायला येणार, ठिकाण माए सोत. हे नाव ऐकून माझ्या छातीत धस्स झालं. माए सोत हे ताक प्रांतातलं सीमेवरचं गाव. बँकॉकपासून जवळजवळ ५०० किलोमीटर, आणि मोएई नदीच्या पलीकडे म्यानमारचं म्यावड्डी. त्या बाजूला ऑनलाइन फसवणुकीचे कारखाने चालतात आणि नोकरीच्या आमिषाने आणलेल्या माणसांना डांबून तिथे कामाला जुंपतात. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच थायलंडमधल्या खोट्या आयटी नोकऱ्यांबद्दल इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये तिथून सुटलेल्या २८३ भारतीयांना हवाई दलाच्या विमानाने माए सोतहून परत आणावं लागलं. इंग्रजी चांगलं असलेले, घरी पैशाची अडचण असलेले, परदेशाची आस लागलेले तरुण हेच त्यांना हवे असतात. नोकरी शिकवायची, पण शाळा नाही, वर्ग नाही, मुलं नाहीत आणि पत्ता सीमेवरचा, असं दिसलं की पुढचा एकही प्रश्न विचारत बसू नये.

बँकॉकची एजन्सी

माझ्या मते खरा अभ्यास इथेच आहे. पूर्ण खोट्या माणसाला ओळखायला दोन-तीन फोन पुरतात. जी कंपनी अस्तित्वात आहे, जी खरोखर शाळेत पाठवते आणि पगारही देते, पण ज्या नोकरीत वर्षभर जीव टांगणीला लागतो, तिला ओळखणं फार अवघड असतं.

आधी एजन्सीची बाजू. थायलंडमधल्या कितीतरी सरकारी शाळा परदेशी शिक्षक थेट नेमत नाहीत, एजन्सीशी करार करून घेतात. भाषेची आणि कागदपत्रांची कटकट शाळेला नको असते. वेळेवर पगार देणाऱ्या, शिक्षक आजारी पडला तर दवाखान्यात माणूस पाठवणाऱ्या एजन्सी मी पाहिल्या आहेत. तेव्हा एजन्सी आहे एवढ्यावरून तिला नापास करणं योग्य नव्हतं.

देऊ केलेली जागा नाखोन रात्चासिमा प्रांतातल्या सरकारी माध्यमिक शाळेतली, पगार २२ हजार बाथ. मुलाखत व्हिडिओवर झाली आणि फार लवकर आटोपली. शिकवण्याबद्दल एकही प्रश्न नाही. पूर्ण उंचीचा फोटो मागितला, गोऱ्या रंगाबद्दल आडून विचारलं, उच्चार ऐकले, आणि शेवटी समन्वयक म्हणाली की पालकांनी विचारलं तर तुमचं शिक्षण लंडनला झालं असं सांगा. तिला ते फार लागलं. मला विचाराल तर या एका सूचनेला मी सगळ्यांत जास्त वजन देतो. जो मालक कामावर घेण्याआधी पालकांशी खोटं बोलायला सांगतो, तो उद्या कामगार खात्याशी आणि तुमच्याशीही तेच करेल. शिवाय एकदा हे खोटं बोललं की शिक्षक कायमचा त्याच्या मुठीत जातो.

मग करार आला, थाई आणि इंग्रजी दोन्हींत. तळाला ओळ होती की दोन्हींत फरक आढळल्यास थाई मजकूर ग्राह्य धरला जाईल. ही ओळ थायलंडमध्ये नेहमीचीच, तिच्यात वावगं काही नाही. म्हणूनच थाई मजकूर कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो. इंग्रजीत लिहिलं होतं, मधेच नोकरी सोडल्यास एक महिन्याचा पगार भरावा लागेल. थाईत दोन महिने होते.

करार दहा महिन्यांचा होता. मार्च-एप्रिलच्या सुट्टीत पगार नाही. २२ हजार गुणिले दहा म्हणजे वर्षाचे २ लाख २० हजार. खाजगी शाळेचा पगार २१ हजार, पण बारा महिने, म्हणजे २ लाख ५२ हजार, वर शाळेच्या आवारात खोली. महिन्याचा आकडा बघून तिने शाळेला शेवटी टाकलं होतं, आणि वर्षाचा आकडा काढल्यावर तीच वर गेली. आपल्याकडे तासिका तत्त्वावर काम केलेल्या कुणालाही हा हिशोब नवा नाही, पण परदेशाचं नाव निघालं की तो मांडायचा राहून जातो.

पहिले पाच महिने दरमहा २ हजार बाथ "कागदपत्रांची अनामत" म्हणून कापून, करार पूर्ण झाल्यावर परत देणार होते. थायलंडच्या १९९८ च्या कामगार संरक्षण कायद्याचं कलम १० अशी अनामत घ्यायला मनाई करतं. पैसे किंवा मालमत्ता हाताळण्याची कामं तेवढी त्याला अपवाद आहेत. वर्गात शिकवणं त्यात बसत नाही. परिविक्षा, म्हणजे कायम करण्याआधीचा चाचणीचा काळ, ११९ दिवसांची होती, आणि हा आकडा सहज पडलेला नव्हता. १२० दिवस भरले की कामावरून काढताना भरपाई द्यावी लागते. अशी परिविक्षा ठेवणारे तिथे पुष्कळ आहेत आणि ती बेकायदा नाही. पण बाकीच्या कलमांबरोबर वाचली की मालकाचं मन कुठे आहे ते दिसतं.

आता परवाना. एजन्सी म्हणत होती, व्हिसाशिवाय या, इथे आल्यावर व्हिसा बदलून घेऊ. हे ऐकताच काहीजण "फसवणूक" असं म्हणून मोकळे होतात. ते बरोबर नाही. मुक्कामाचे किमान १५ दिवस शिल्लक असताना थायलंडमध्येच पर्यटकाचा नॉन-बी करून घेता येतो, तशी कायदेशीर सोय आहे. प्रश्न वेगळा विचारायला हवा होता: वर्गावर कधी उभं राहायचं आणि परवाना कधी हातात येणार? तिने तो लेखी विचारला. उत्तर आलं की शाळा उघडल्या दिवसापासून वर्ग सुरू, परवाना परिविक्षा संपल्यावर. म्हणजे जवळजवळ चार महिने परवान्याशिवाय काम. तिथल्या कायद्यात याला शिक्षकाला ५ हजार ते ५० हजार बाथ दंड आणि देशाबाहेर रवानगी आहे. मालकाला दंड होतो, पण त्याला देश सोडावा लागत नाही.

तिने कंपनीचा नोंदणी क्रमांक मागितला, तो त्यांनी लगेच दिला. थायलंडच्या व्यापार विकास खात्याच्या संकेतस्थळावर १३ अंकी क्रमांक टाकला की कंपनीची माहिती मिळते. कंपनी खरी होती, चालू होती. नोंदलेलं भांडवल १० लाख बाथ. साध्या कंपनीला एका परदेशी माणसाच्या कामाच्या परवान्यामागे सर्वसाधारणपणे २० लाख बाथ भांडवल दाखवावं लागतं, आणि त्याचा मुक्काम वाढवायला चार थाई कर्मचारी. या एजन्सीच्या जाहिरातीत तर डझनभर परदेशी शिक्षकांचे फोटो होते. मग परवाने कुणाच्या नावावर? शाळेच्या, असं एक जण म्हणाला. कंपनीच्या, असं समन्वयक म्हणाली. परवाना कुणाच्या नावाचा हे ज्या घरात दोघं दोन सांगतात, तिथे तो बहुधा कुणाच्याच नावाचा निघत नाही.

सुरुवातीला तिच्या निरोपांना तासाभरात उत्तर येत असे, हसऱ्या चेहऱ्यांसकट. अनामत, परवाना आणि एप्रिलचा पगार हे तीन प्रश्न पाठवल्यावर तीन दिवस शांतता. मग एक ओळ आली: इतके प्रश्न विचारणारी माणसं आम्हाला नको असतात, दुसरे उमेदवार थांबले आहेत. ती घाबरली. "सर, मी जास्तच विचारलं का? हातची जागा गेली."

मी तिला सांगितलं, अजून तू भारतात आहेस, तुझा पासपोर्ट तुझ्या कपाटात आहे आणि त्यांना मेच्या आत शिक्षक हवा आहे. मालकाला तुझी गरज सगळ्यांत जास्त आहे ती आत्ता. आत्ता तो असा बोलतो, तर तिथे तुझा मुक्काम त्याच्या सहीवर अवलंबून असताना कसा बोलेल? हे अतिशयोक्तीने नव्हतं म्हटलं. थायलंडमध्ये नोकरीच्या आधारे वाढवलेला मुक्काम नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. पगार अडकला म्हणून भांडून बाहेर पडलेल्या शिक्षकाला दुसरी नोकरी शोधायला हातात वेळच उरत नाही, आणि म्हणून बहुतेक जण भांडतच नाहीत.

कागद मागणारी शाळा

शाळेची मागणी लांबलचक होती. कोल्हापूरहून शिवाजी विद्यापीठाची गुणपत्रकं, विद्यापीठाने पदवी खरी असल्याचं कळवलेलं पत्र, पदवीचं राज्य सरकार आणि परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणीकरण, पासपोर्ट कार्यालयाकडून पोलिस क्लिअरन्स, आणि टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ६०० किंवा त्याच्या तोडीचे गुण. शेवटच्या अटीचा तिला राग आला होता. इंग्रजीत बी.ए., सहा वर्षं इंग्रजी शिकवलं, तरी परीक्षा द्या! तिचा राग मला रास्त वाटतो. भारतीय आणि फिलिपिनो शिक्षकांना ही परीक्षा, ब्रिटिश पदवीधराला मात्र नाही. पण हा नियम शाळेचा नव्हता, सरकारचा होता. आणि शाळेने हे गुण मागितले, याचा अर्थ शाळा तिचं नाव खरोखर कुरुसफाकडे, म्हणजे तिथल्या शिक्षक परिषदेकडे, पाठवणार होती. ज्याला परवाना काढायचाच नाही तो टोइक कशाला मागेल? यादीतल्या एकेका कागदासमोर तो कुठल्या सरकारी टेबलावर जाणार हे मी तिला लिहून दिलं. शाळेच्या सोयीसाठी मागितलेला एकही कागद निघाला नाही. मूळ प्रती शाळा बघून परत देणार होती, पासपोर्टची फक्त प्रत.

मुलाखत दोघींनी घेतली, एक थाई उपसंचालिका आणि एक फिलिपिनो इंग्रजी विभागप्रमुख. चौथीच्या वर्गाला भूतकाळ शिकवायचा आहे, पडद्यावर दहा मिनिटं शिकवून दाखवा. वर्गात चाळीस मुलं आहेत, त्यातल्या आठ जणांना इंग्रजी अक्षरंही नीट येत नाहीत, काय कराल? तिने गटवाचनाचं सांगितलं, विभागप्रमुखाने त्यावर वाद घातला. फोन ठेवल्यावर ती थकली होती आणि खूश होती. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिला शिक्षिका म्हणून प्रश्न विचारले होते.

मग आमची पाळी. थायलंडमधल्या शाळा फेसबुकवर जगतात. सकाळचं राष्ट्रगीत, क्रीडादिन, जूनमधली वाय ख्रू ही गुरुवंदना, डिसेंबरातला नाताळ, सगळ्याचे फोटो टाकतात. मी तिला म्हटलं, मागच्या चार वर्षांचे वाय ख्रूचे फोटो काढ आणि परदेशी शिक्षकांचे चेहरे जुळव. शाळा चांगली आहे असं शाळा स्वतः सांगेलच, पण दरवर्षी सगळे चेहरे नवे असतील तर काहीतरी बिघडलेलं आहे. दोन फिलिपिनो शिक्षिका चारही वर्षं होत्या. एक आफ्रिकन शिक्षक तीन वर्षं. गोरे चेहरे मात्र दरवर्षी बदलत होते.

सध्याच्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी बोलू द्याल का, असं तिने विचारलं. एजन्सीने याच विनंतीला "धोरणात बसत नाही" म्हटलं होतं. शाळेने दुसऱ्या दिवशी एका शिक्षिकेचा नंबर दिला. त्या शिक्षिकेने तक्रारी भरपूर केल्या. झेरॉक्सला कागद मोजून मिळतात. सकाळी पावणेआठला गेटवर उभं राहावं लागतं. संचालिका पोशाखाबाबत कडक आहेत. सत्रातून दोनदा शनिवारी इंग्रजीचं शिबिर असतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पगार अठ्ठावीस तारखेला होतो, एकदा तीस झाली होती. ही तक्रारींची यादी ऐकून माझा विश्वास वाढला. मालकाने पढवून ठेवलेला माणूस झेरॉक्सच्या कागदाबद्दल बोलत नाही. आणि ज्याचं पोट जळतंय तो पगाराबद्दल इतकं शांतपणे सांगत नाही.

एक प्रश्न विचारायला ती कचरत होती, मी आग्रहाने विचारायला लावला: ब्रिटिश शिक्षकाला याच कामाचे किती देता? उपसंचालिकेने टाळलं नाही. ३८ हजार. पालकांना गोरा चेहरा हवा असतो, आम्ही ते बदलू शकलेलो नाही, असं तिने स्पष्ट लिहिलं. हा अन्याय आहे, आणि तो कबूल केल्याने कमी होत नाही. पासपोर्टच्या रंगावर शिक्षकाची किंमत ठरवणारा सगळा बाजारच सडका आहे असं माझं ठाम मत आहे. पण अर्जदाराला त्या बाजारात आजच निर्णय घ्यायचा असतो. तिला हा आकडा जायच्या आधी कळला, तिथे स्टाफरूममध्ये चारचौघांत नाही.

करारातल्या दोन गोष्टींवर तिने बदल मागितला. नोकरी सोडण्याची साठ दिवसांची सूचना तीस करावी, आणि नोकरी संपताना अनुभवाचं पत्र व व्हिसा-परवाना रद्द झाल्याचे कागद सात दिवसांत द्यावेत. पहिल्याला शाळेने पंचेचाळीस म्हटलं, दुसरं जसंच्या तसं मान्य केलं. दोन्ही गोष्टी थाई मजकुरातही आल्या. थाई मजकुरात बदल दिसेपर्यंत सही करू नकोस, हे मी तिला बजावलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिने होकार कळवला. शाळेने निमंत्रणपत्र, शाळेच्या परवान्याची प्रत आणि खाजगी शिक्षण कार्यालयाचं पत्र कुरिअरने पाठवलं, आणि मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासातून नॉन-बी व्हिसा मिळाला. शाळा उघडली तेव्हा कामाचा परवाना अजून हातात नव्हता. जून उजाडेपर्यंत शाळेने तिला वर्गावर पाठवलं नाही आणि त्या काळाचा पगारही कापला नाही.

शिबिराचे शनिवार दोन सांगितले होते, प्रत्यक्षात पहिल्या सत्रात तीन झाले. मार्च २०२५ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी शाळेने २२,५०० म्हटलं, तिने २५ हजार मागितले आणि तिसऱ्या शनिवारची नोंद दाखवली. २४ हजारांवर जमलं, शिबिरं दोनच, तेही लेखी. कुरुसफाची तिची परवानगी तात्पुरती, दोन वर्षांची आहे. बी.एड. असल्यामुळे कायम परवान्यासाठी अर्ज करता येतो, त्याचे कागद तिने कोल्हापूरहून मागवले आहेत. शेजारच्या टेबलावरच्या नव्या ब्रिटिश शिक्षकाला अजूनही ३८ हजारच मिळतात, आणि त्याला धड्याचं नियोजन तीच करून देते.